लाजताय काय? १९३० फिरवा!

पैसे गेल्यावर आपण सगळ्यात आधी काय करतो? त्या भामट्यालाच परत फोन लावतो! तो अर्थातच उचलत नाही. मग मित्राला फोन, मग 'घरी सांगू नकोस हं'ची शपथ. तेवढ्यात पैशांनी तीन-चार खाती ओलांडलेली असतात. बहुतेक कमिशनवर भाड्याने घेतलेली. एकदा का एटीएममधून रोकड निघाली, की संपलं. सगळा खेळ पहिल्या तास-दोन तासांचा.

केंद्रीय गृहमंत्रालयाची १९३० ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. (२०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा नंबर होता १५५२६०. कुणाच्या लक्षात राहणार हो?) तुमची तक्रार बँकांना जोडलेल्या यंत्रणेत जाते आणि पैसा ज्या खात्यात पोचलाय तिथेच तो गोठवायचा प्रयत्न होतो. म्हणून फोन करताना बँकेचा मेसेज समोर ठेवा: रक्कम, वेळ, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक. लाइन लागत नाहीये? सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार टाका. आणि हो, बँकेलाही कळवा, वेगळं.

माझा ऑफिसातला मित्र 'घरबसल्या टास्क करा, कमवा'मध्ये फसला. नव्या फ्लॅटच्या डिपॉझिटचे पैसे होते. दोन दिवस गप्प! का, तर "आयटीवाला असून फसलो, लोक हसतील." ओढत नेऊन तक्रार करायला लावली. हाती लागले ते शेवटच्या खात्यात उरलेले किरकोळ पैसे. बाकीचे त्या दोन दिवसांत गेले. मला राग भामट्याइतकाच त्या लाजेचा येतो.

'ओटीपी मीच दिला, आता कशाला तक्रार?' हा आणखी एक खुळा समज. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातही ग्राहकाची चूक असली, तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेच्या माथी होतं. म्हणजे उशीर महागच पडतो.

तक्रारीचा पोचपावती क्रमांक जपून ठेवा, पोलीस ठाण्यात तोच विचारतील. आणि काही दिवसांनी "सायबर सेलमधून बोलतोय, फी भरा, पैसे परत मिळतील" असा गोड फोन आला तर? तो भामटा नंबर दोन. पैसे न देता फोन ठेवा आणि त्याचा नंबर संचार साथीच्या 'चक्षू'वर टाका.