चाळीस मिनिटांचं धुकं

स्टुडिओत आल्या आल्या ब्रायन ईनो यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि ते मिक्सिंगच्या टेबलाजवळ आणून ठेवलं. मग समोरच्या तरुण गिटारवादकाला ते म्हणाले, तू काहीही वाजव, मी रेकॉर्ड करतो. ठरलेलं गाणं नाही, चाल नाही, शब्द नाहीत. त्या तरुणाने, नील हॉलस्टेडने, ही आठवण पुढे मुलाखतींमधून सांगितली आहे. डेव्हिड बोवीच्या ‘लो’वर काम केलेला, यू-टूचा ‘द जोशुआ ट्री’ घडवणारा माणूस समोर होता आणि घड्याळाचा काटा फिरत होता.

त्या भेटीतून दोन गाणी निघाली, ‘सिंग’ आणि ‘हिअर शी कम्स’. ती ज्या अल्बममध्ये आली त्याचं नाव ‘सूव्लाकी’ आणि बँडचं नाव स्लोडाइव्ह. 1993 साली हा अल्बम इंग्लंडमध्ये बाहेर पडला तेव्हा तिथल्या संगीत साप्ताहिकांनी त्याला अक्षरशः झोडपलं. ‘मेलडी मेकर’च्या समीक्षकाने तर लिहिलं की हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात बुडून मेलेलं बरं. ब्रिटनच्या यादीत अल्बम 51 व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि खाली घसरला. आज त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या समीक्षेतली लापशी आता फक्त एका संदर्भात आठवली जाते: ती ज्या अल्बमवर ओतली गेली, तो आजही लोक जिवापाड जपून ऐकतात.

स्लोडाइव्हची सुरुवात झाली लंडनच्या पश्चिमेला, थेम्सकाठच्या रेडिंग गावात. नील हॉलस्टेड आणि रेचेल गॉसवेल लहानपणापासूनचे मित्र. 1989 मध्ये बँड उभा राहिला. निक चॅपलिन बास वाजवायचा, ख्रिश्चन सॅव्हिल तिसरी गिटार घेऊन आला आणि काही काळाने सायमन स्कॉट ड्रम्सवर बसला. ख्रिश्चनची भरती मोठी गंमतशीर. बँडने गिटारवादक मुलगी हवी अशी जाहिरात दिली होती, आणि याने कळवलं की गरज पडली तर मी फ्रॉक घालून वाजवीन. वर्षभरात अ‍ॅलन मगी यांच्या क्रिएशन रेकॉर्ड्सने या पोरांना करारबद्ध केलं. 1991 च्या सप्टेंबरात पहिला अल्बम ‘जस्ट फॉर अ डे’ आला, तेव्हा नील जेमतेम वीस वर्षांचा होता.

तोवर या संगीताला एक नाव चिकटलं होतं, शूगेझ. म्हणजे बुटांकडे टक लावून बघणं. नाव ठेवण्यामागचा हेतू चिडवण्याचाच होता. रॉकचा गिटारवादक म्हटला की तो मंचावर उड्या मारणार, प्रेक्षकांच्या डोळ्याला डोळा भिडवणार. ही मुलं मात्र मान खाली घालून उभी. त्यामागे लाजाळूपणा होताच, पण खरं कारण पायाशी होतं. प्रत्येकाच्या पुढ्यात जमिनीवर पेडलची रांग असायची आणि कुठलं पेडल कधी दाबायचं याचा हिशेब चुकला तर गाणंच कोसळायचं.

या पेडलांचं काम समजून घेतलं की या संगीताची जादूही थोडी समजते. एक पेडल सूर फाडून त्याला खरखरीत, जाड करतं. दुसरं त्याच सुराचे प्रतिध्वनी एकामागोमाग सोडतं. तिसरं त्या सगळ्याला एखाद्या प्रचंड मोकळ्या गाभाऱ्यात नेऊन घुमवतं. या तिन्हींमधून तीन-तीन गिटारी एकदम गेल्या की तार कधी छेडली गेली हे कळेनासं होतं. उरतो तो नुसता घुमारा, आणि त्यात मधूनच एखादी लकेर पाण्याखालून वर येते. स्लोडाइव्हच्या या काळातल्या आवाजात यामाहाच्या एफएक्स 500 या यंत्राचा मोठा वाटा आहे. त्यातली ‘सॉफ्ट फोकस’ नावाची जुळणी तर गिटारवेड्यांमध्ये दंतकथेसारखी सांगितली जाते, आणि तेवढ्यासाठी ते जुनं यंत्र आजही शोधलं जातं.

आपल्याकडच्या कानांना हा अनुभव वाटतो तितका परका नाही. तानपुऱ्याची जवारी लागते तेव्हा घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा एक धागा तेच तर करतो. एका तारेतून अनेक उपस्वर जागे होतात आणि खोली भरून राहते. फाटलेल्या गिटारीतही उपस्वरांचीच गर्दी असते. तानपुऱ्याच्या भरणीवर गायक उभा राहतो. स्लोडाइव्हच्या गाण्यात मात्र गायकाचा आवाज त्या भरणीत बुडवून टाकलेला असतो. नाकापर्यंत पाण्यात उतरून गावं तसा.

ही रीत काही त्यांनीच शोधली नव्हती. जीझस अँड मेरी चेनने 1985 मध्ये ‘सायकोकँडी’त गोड चालींवर कर्कश गिटारींचा पाऊस पाडला होता. कॉक्टो ट्विन्सच्या एलिझाबेथ फ्रेझरने शब्दांचा अर्थच विरघळवून टाकला होता. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ 1991 च्या नोव्हेंबरात आला आणि या संगीताचं शिखर ठरला. त्या अल्बममधला गिटारींचा आवाज अजूनही भोवळ आणतो. पण ‘लव्हलेस’ थक्क करतो, ‘सूव्लाकी’ जवळ घेतो. ऐकणाऱ्यांचं या अल्बमवर जे प्रेम जडलं त्याचं मूळ बहुधा इथेच आहे, आणि तो जवळिकीचा सूर कुठून आला याची गोष्ट जरा दुखरी आहे.

पहिल्या अल्बमनंतर वारं फिरलं. 1991 च्या सप्टेंबरातच अमेरिकेतून निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला होता, आणि इंग्लंडात ब्रिटपॉपची चाहूल लागली होती. सगळ्यांना आता ठणठणीत, स्पष्ट, रोखठोक गाणी हवी होती. कालपर्यंत ज्यांचं कौतुक झालं तेच बँड आज टवाळीचा विषय झाले. ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’च्या रिची एडवर्ड्सने तर स्लोडाइव्हचा तिरस्कार आपण हिटलरपेक्षाही जास्त करतो असं जाहीर करून टाकलं. विशीतल्या पोरांनी हे सगळं छापील वाचलं. पुढच्या अल्बमसाठी त्यांनी चाळीसच्या आसपास गाण्यांचे कच्चे खर्डे तयार केले आणि मगींना ऐकवले. मगींनी एका वाक्यात सगळी केराच्या टोपलीत टाकली. बँडनेही ती गाणी सोडून दिली आणि पाटी पुसून पुन्हा सुरुवात केली.

त्याच काळात नील आणि रेचेलचं प्रेमाचं नातं तुटलं. बँड मात्र दोघांनीही सोडला नाही. नील वेल्समधल्या एका एकाकी घरात जाऊन राहिला आणि तिथून गाणी घेऊन परतला. ‘डॅगर’ आणि ‘फॉर्टी डेज’ ही त्यातली. ‘डॅगर’ हे ब्रिटिश आवृत्तीतलं शेवटचं गाणं. नऊ गाण्यांचा तो घुमारा, ते सगळं धुकं इथे अचानक विरतं आणि उरते साधी अकूस्टिक गिटार आणि एक माणूस. कुठलाही आडोसा नाही. आधीची गाणी इतकी झाकलेली का होती, हे या साडेतीन मिनिटांत उमगतं.

अल्बमच्या दुसऱ्या टोकाला ‘अ‍ॅलिसन’ आहे. प्रस्तावना नाही, तयारी नाही. सुई टेकताच गिटारी वाहायला लागतात आणि नीलचा थकलेला, हळुवार आवाज त्यात तरंगतो. ‘मशीन गन’ हे नाव ऐकून जो गडगडाटाची वाट बघेल त्याला रेचेलचा आवाज एखाद्या विहिरीतून ऐकू यावा तसा लांबून येईल. ‘सूव्लाकी स्पेस स्टेशन’वर जमैकाच्या डब संगीताची छाया आहे. बास जमीन धरून चालतो आणि वर बाकी सगळं प्रतिध्वनींच्या चकव्यात फिरत राहतं.

आणि ‘व्हेन द सन हिट्स’. ज्यांना हा अल्बम ऐकून बघायचा आहे त्यांनी इथून सुरुवात करावी. सुरुवातीला गिटारीचे मोजके स्वर, जवळजवळ कुजबुज. नील दबक्या आवाजात कडवं गातो. ड्रम्स जरा आवरूनच आहेत. मग ध्रुवपदाच्या तोंडावर सगळ्या गिटारी एकदम सुटतात. बंद खोलीची खिडकी कुणीतरी ढकलावी आणि डोळ्यांवर ऊन यावं तसं. नीलचा आवाज त्यात वर चढत नाही, ओरडत तर नाहीच. तो होता तिथेच राहतो आणि त्याच्याभोवतीचं जग मोठं होतं. पुन्हा शांतता, पुन्हा तो स्फोट. शब्द अर्धेमुर्धे कळतात. नेमक्या त्या न कळलेल्या अर्ध्यात ऐकणारा आपलं काहीतरी ठेवून देतो. कुणी तुटलेलं नातं, कुणी सोडलेलं गाव, कुणी एखादी रात्र. ‘मेलडी मेकर’च्या समीक्षकाला जिथे पोकळी दिसली, तिथे पुढच्या तीस वर्षांत लाखमोलाच्या वस्तू ठेवल्या गेल्या.

अल्बमच्या नावाचा मात्र या हळवेपणाशी काडीचा संबंध नाही. सूव्लाकी म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाचा ग्रीक पदार्थ. जर्की बॉईज नावाची अमेरिकन जोडी फोनवरून लोकांच्या खोड्या काढून त्या टेप करायची. बँडच्या प्रवासात त्यांच्या टेप वाजायच्या, आणि त्यातल्याच एका खोडीतून हा शब्द उचलला गेला.

पुढची हकिगत झरझर घडली. अमेरिकेत अल्बम 1994 मध्ये, म्हणजे बऱ्याच उशिराने आला. सायमन स्कॉट बँड सोडून गेला. 1995 च्या फेब्रुवारीत तिसरा अल्बम ‘पिगमेलियन’ निघाला. गिटारी जवळपास पुसून टाकलेला, अतिशय धाडसी. त्यानंतर आठवड्याभरात क्रिएशनने स्लोडाइव्हला नारळ दिला. त्या वेळी त्याच कंपनीच्या ओअ‍ॅसिसचा डंका गावभर वाजत होता. नील आणि रेचेलने मोहावी 3 हा बँड काढला आणि शांत, लोकगीतांच्या वळणाची गाणी करत राहिले. निक नोकरीला लागला. सायमन पुढे इंग्लंडच्या पाणथळ फेन प्रदेशातले आवाज टिपून त्यांतून संगीत करू लागला.

‘सूव्लाकी’ मात्र थांबला नाही. तो एकेका माणसाच्या हातून पुढे सरकला. अमेरिकन दिग्दर्शक ग्रेग अराकी यांना ही गाणी इतकी प्रिय की त्यांच्या चित्रपटांतून ती सतत येत राहिली. 2004 च्या ‘मिस्टीरियस स्किन’मध्ये स्लोडाइव्हची गाणी आहेत आणि पार्श्वसंगीत कॉक्टो ट्विन्सच्या रॉबिन गथ्रींचं, हॅरल्ड बड यांच्यासोबत केलेलं. अनेकांच्या कानांवर स्लोडाइव्ह पहिल्यांदा पडला तो चित्रपटगृहाच्या अंधारात. त्याआधी 2002 मध्ये बर्लिनच्या मॉर म्युझिकने ‘ब्लू स्काइड अ‍ॅन’ क्लिअर’ हा संग्रह काढला होता. लॅपटॉपवर संगीत रचणाऱ्या पिढीने स्लोडाइव्हची गाणी आपल्या पद्धतीने पुन्हा केली. म्हणजे गिटार न वाजवणाऱ्यांनीही या गिटारींवर हक्क सांगितला. 2005 साली ‘सूव्लाकी’ची नवी आवृत्ती निघाली, आणि आता समीक्षकांचीही भाषा बदलली होती. 2016 मध्ये ‘पिचफोर्क’ने शूगेझच्या सर्वोत्तम पन्नास अल्बमांची यादी केली. पहिला अर्थातच ‘लव्हलेस’. दुसरा ‘सूव्लाकी’.

बँडला या प्रेमाची पूर्ण कल्पना नव्हती. 2014 मध्ये पाचही जण पुन्हा जमले, तेव्हा मे महिन्यात लंडनमधल्या एका छोट्या जागेत एक कार्यक्रम झाला आणि मग बार्सेलोनाचा प्रिमावेरा साउंड हा प्रचंड महोत्सव. वीस वर्षांपूर्वी ज्यांना हसून बाजूला सारलं, ते आता हजारोंच्या गर्दीसमोर तेच गाणं वाजवत होते आणि गर्दी ते गात होती. 2017 मध्ये नवा अल्बम आला, नाव नुसतं ‘स्लोडाइव्ह’. 2023 चा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ रेचेलची आई आणि सायमनचे वडील यांना अर्पण केलेला आहे. दोघंही 2020 मध्ये गेले. हा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत पोचला. स्लोडाइव्हच्या वाट्याला हे पहिल्यांदाच आलं, पन्नाशीच्या उंबरठ्यापलीकडे.

त्यांच्या कार्यक्रमांत आता पुढच्या रांगांत कोवळे चेहरे दिसतात. ‘सूव्लाकी’ निघाला तेव्हा यांच्यातल्या बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. टिकटॉकच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांतून शूगेझ नव्या पिढीपर्यंत पोचलं. त्याबद्दल नाकं मुरडायचं काही कारण नाही. अर्ध्या मिनिटावरून आलेला मुलगा चाळीस मिनिटांचा अल्बम सलग ऐकत असेल, तर वाट कुठलीही चालेल. शिवाय सोळाव्या-सतराव्या वर्षी मन भरून येतं आणि सांगायला शब्द नसतात, ही अवस्था 1993 मध्ये होती तशीच आजही आहे. त्या अवस्थेतल्या माणसाला स्पष्ट शब्दांचं गाणं कधी कधी टोचतं. हे गाणं टोचत नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी स्लोडाइव्ह बहुधा ‘गोल्डन हेअर’ वाजवतात. जेम्स जॉइसच्या 1907 च्या ‘चेंबर म्युझिक’ या संग्रहातली ही कविता. तिला चाल लावली पिंक फ्लॉइडमधून बाहेर पडलेल्या सिड बॅरेटने, 1970 च्या आपल्या पहिल्या एकल अल्बममध्ये. स्लोडाइव्हने ती 1991 मध्ये उचलली. मंचावर रेचेल ते थोडेसे शब्द गाते, माइकपासून मागे होते आणि आत निघून जाते. चौघं वाजवत राहतात. एकाच स्वरसमूहावर गिटारी चढत जातात, ड्रम्स मोठे होत जातात आणि शेवटी सभागृहात नुसता प्रकाश आणि आवाज उरतो. नील मान खाली घालून उभा असतो, पायाशी पेडलं.