कामगाराच्या कल्पनेची किंमत

मागच्या पालकसभेनंतर एका विद्यार्थ्याचे वडील थांबले. नागापूर एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये ते ठेकेदारामार्फत ड्रिल मशीनवर काम करतात. मुलगा गणितात का मागे पडतो हे विचारायला आले होते, पण बोलणं भलतीकडेच वळलं.

"बाजी, मी भंगारातल्या पट्टीचा एक साचा बनवला. जॉब त्यात बसवला की भोक नेमक्या जागी पडतं. रोज माल रिजेक्ट व्हायचा, तो जवळपास थांबला."

मालकाने काय दिलं? अर्धा किलो मिठाई. आणि पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांचा रोजचा कोटा वाढवला. सोबतचे कामगार महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत.

मला मिठाईपेक्षा तो कोटा जास्त खुपला.

आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याने शोध लावणाऱ्याचं नाव नोंदता येतं, पण नोकरीतल्या शोधाबद्दल मालकाने किती मोबदला द्यावा हे तो सांगत नाही. जर्मनीत त्यासाठी 1957 पासून स्वतंत्र कायदा आहे. अर्थात, अशा साच्याला पेटंट कुठलं मिळायला! उपयुक्त सूचना करणाऱ्या कामगारांसाठी केंद्र सरकारचा विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार आहे, पण ठेकेदाराच्या माणसाचं नाव पाठवणार कोण?

नुसत्या सन्मानाने काय होतं, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांच्याकडे पाहून कळतं. दीड एकराचा हा शेतकरी. 1983 मध्ये भातातल्या वेगळ्या लोंब्या त्यांनी हेरल्या, वर्षानुवर्षं निवडून 'एचएमटी' वाण तयार केलं. त्यांच्याकडून बियाणं नेऊन अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 1998 मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित केलं. 2005 मध्ये दादाजींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, रॉयल्टी मात्र नाही. 2018 मध्ये ते गेले, तेव्हा उपचारालाही पैसे पुरत नव्हते. ते कुणाचे नोकर नव्हते, तरी ही गत. मग रोजंदारीवरच्या माणसाचं काय?

घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्यातही बेकरी, गॅरेज, फर्निचरचं दुकान चालवणारे पुष्कळ आहेत. कारागिराने सुचवलेल्या युक्तीने भट्टीचं सरपण वाचलं, तर ती कुणी कधी सुचवली हे वहीत तारखेसह लिहायला काय लागतं? पहिल्या वर्षाच्या बचतीतला ठरलेला हिस्सा त्याला द्यावा, तोही आधी सांगून. ईदीसारखा मर्जीने नव्हे. आणि त्या युक्तीच्या नावाखाली कोटा वाढवू नये. वाढवायचाच असेल, तर मजुरीही वाढवावी.

हे सगळं त्या पालकांना सांगितलं, तर ते हसले. मशीनवरचं तेल वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यात आणखी एक युक्ती आहे. मालकाला अजून सांगितलेली नाही.