सेकंदाला तीस की साठ?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ (जीटीए ६) हा ओपन-वर्ल्ड, म्हणजे खेळाडूला अख्ख्या शहरात वाटेल तिथे भटकू देणारा व्हिडीओ गेम १९ नोव्हेंबर २०२६ रोजी प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स व सीरिज एस या कन्सोलांवर येईल, असे रॉकस्टार गेम्सने जाहीर केले आहे. त्याआधी २०२५चे शेवटचे महिने आणि मग २६ मे २०२६ असे दोन मुहूर्त हुकले. मालिकेतला आधीचा मुख्य गेम, ‘जीटीए ५’, सप्टेंबर २०१३चा. तेव्हा शाळेत असलेली मुले आता नोकरीला लागली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला, तेव्हा चोवीस तासांत तो नऊ कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. मे २०२५चा दुसरा ट्रेलर पूर्णपणे प्लेस्टेशन ५वर टिपलेला असून त्यात निम्मा प्रत्यक्ष खेळ आणि निम्मे कथाप्रसंग आहेत, असा कंपनीचा दावा. मायामीच्या धर्तीवरचे व्हाइस सिटी, किनाऱ्यावरची गर्दी, गाड्यांच्या पत्र्यावर पडलेली दिव्यांची प्रतिबिंबे पाहून चाहते खूश झाले आणि लगेच काळजीतही पडले. एवढा डोलारा त्या कन्सोलवर सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे फ्रेम, दाखवत चालेल की ३०वर समाधान मानावे लागेल?

सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद, आणि ६० म्हणजे १६.७. तेवढ्या अवधीत खेळाडूने दाबलेले बटण वाचायचे, गाड्या पुढे सरकवायच्या, पादचाऱ्यांनी काय करायचे ते ठरवायचे, टकरींचा हिशेब करायचा आणि शेवटी ते सगळे रंगवून पडद्यावर पाठवायचे असते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमवर बिनबोभाट चालतो, कारण कॅमेऱ्यात टिपलेली हालचाल मुळातच थोडी पुसट असते आणि प्रेक्षक काही सुकाणू धरून बसलेला नसतो. खेळाडूच्या हातात मात्र गाडीचे चाक असते. बटण दाबल्यापासून गाडी वळेपर्यंतचा वेळ फ्रेमच्या लांबीबरोबर वाढतो आणि तो हाताला जाणवतो. शिवाय सरासरी आकड्यावर सगळे अवलंबून नसते. ३० फ्रेम एकसारख्या अंतराने आल्या तर डोळा रुळतो. मधलीच एखादी ५० मिलिसेकंदांनी आली, की झटका बसतो.

चाहत्यांच्या चर्चेत बहुतेक वेळा बोट ठेवले जाते ते ग्राफिक्सवर. खरी मेख दुसरीकडे आहे. चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसर करतो आणि हे काम बरेच लवचीक असते. ४के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात. त्याऐवजी १४४०पी चित्र काढले, तर सुमारे ३७ लाखांत भागते आणि उरलेले सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढते. टीव्हीपासून चार हात लांब बसलेल्याला फरक कळतोच असे नाही. पण सिग्नलला थांबलेली गाडी, गोळीच्या आवाजाने पळणारा जमाव, पाठलागावरचे पोलीस यांचा हिशेब मुख्य प्रोसेसर करतो. चित्र लहान केल्याने हा हिशेब कमी होत नाही. तीसवरून साठवर जायचे, तर शहराचा सगळा कारभार निम्म्या वेळात उरकावा लागतो. प्लेस्टेशन ५चा आठ कोअरचा, जास्तीत जास्त ३.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर २०२० सालचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘प्रो’ कन्सोलची ग्राफिक्स क्षमता १०.२८वरून १६.७ टेराफ्लॉप्सवर गेली; मुख्य प्रोसेसर मात्र त्याच पिढीचा राहिला आणि वेग फार तर दहा टक्क्यांनी वाढला. तेव्हा ‘प्रो’ घेतला म्हणजे साठ फ्रेम पदरात पडल्या, असे धरून चालण्यात अर्थ नाही.

कॅपकॉमच्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ने मार्च २०२४ मध्ये याचा अनुभव दिला. रानावनात बऱ्यापैकी चालणारा हा गेम मुख्य शहरात शिरताच धापा टाकू लागे. प्रत्येक पात्रासाठी प्रोसेसरचा मोठा वाटा खर्च होतो, असे कंपनीने कबूल केले. काही खेळाडूंनी त्यावर भलताच उपाय काढला: शहरातली माणसे मारून टाकायची, की खेळ हलका होतो. व्हाइस सिटीच्या गजबजलेल्या किनाऱ्याकडे पाहून अनेकांना हेच शहर आठवते.

दुसरी काळजी मेमरीची. प्लेस्टेशन ५ आणि सीरिज एक्समध्ये १६ जीबी मेमरी आहे, स्वस्तातल्या सीरिज एसमध्ये १०. चित्राचा आकार कमी करून ही तूट काही अंशी भरते, सगळी नाही. २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ एक्सबॉक्सवर उशिरा आला तो यामुळेच: एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय सीरिज एसवर जमेना, आणि अखेर त्या कन्सोलपुरती ती वगळावी लागली.

साठवणुकीची काळजी मात्र आता जवळपास मिटली आहे. अख्खे शहर एका वेळी मेमरीत कधीच मावत नाही. खेळाडू जाईल तसे पुढचे नेपथ्य उभे राहते आणि मागचे उतरवले जाते. २००१च्या ‘जीटीए ३’ला प्लेस्टेशन २ची ३२ एमबी मेमरी होती आणि माल यायचा डीव्हीडीवरून. भरधाव गाडीला गाठणे डिस्कला जमत नसे, म्हणून खेळाडू हळू व्हावा अशी रस्त्यांची आखणी करावी लागली. पुढे हार्ड डिस्क आली तरी अडचण सुटली नाही, कारण तिचा वाचणारा काटा एका जागेवरून दुसरीकडे जाण्यात वेळ दवडतो. २०१८च्या ‘स्पायडरमॅन’ गेममध्ये रस्त्यावरची टपालपेटी किंवा वर्तमानपत्रांचा स्टँड अशा किरकोळ वस्तूंचा डेटा एकाच डिस्कवर तब्बल ४०० वेळा लिहून ठेवला होता. काटा जिथे असेल तिथे ती वस्तू हाताशी हवी! प्लेस्टेशन ५च्या एसएसडी साठवणीला काटाच नाही. ती सेकंदाला ५.५ जीबी वाचते. एवढ्या वेगापुढे गाडीच काय, विमानही मागे पडते.

भीतीला आणखी एक ताजी पार्श्वभूमी आहे. वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला, तेव्हा २०१३च्या प्लेस्टेशन ४वर त्याची दैना उडाली. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ पर्यंत परत घेतला नाही. रॉकस्टारची पुण्याई मात्र मोठी आहे. ‘जीटीए ५’चे शहर आणि भोवतालचा डोंगराळ मुलूख या कंपनीने अवघ्या ५१२ एमबी मेमरीच्या कन्सोलवर उभा केला होता. अर्थात तिचेही पाय मातीचेच. इंटरनेटवर खेळायचा ‘जीटीए ऑनलाइन’ सुरू व्हायला मिनिटेच्या मिनिटे लागत. २०२१ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रामरने कारण शोधले: विक्रीच्या वस्तूंची सुमारे ६३ हजार नोंदींची यादी वाचताना प्रोग्राम प्रत्येक नोंदीपाशी उरलेल्या मजकुराची लांबी पहिल्यापासून मोजत बसे. त्याच्या दुरुस्तीने वाट पाहण्याचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने ती स्वीकारली आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिले.

तीस आणि साठ यांच्या मध्ये एक पायरीही आहे. सेकंदाला ४० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला २५ मिलिसेकंद. वेळेच्या हिशेबात ३३.३ आणि १६.७च्या बरोबर मध्ये. सोनीच्या ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’मध्ये ही सोय नंतर दिली गेली. तिला १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा टीव्ही लागतो, कारण १२०ला ४०ने नि:शेष भाग जातो आणि प्रत्येक फ्रेम पडद्यावर सारखाच वेळ टिकते. साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवर हे गणित जमत नाही. रॉकस्टारने आजवर आपले मोठे गेम कन्सोलवर प्रथम आणताना ३० फ्रेमच पत्करल्या. २०१८चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ही त्याला अपवाद नव्हता. ‘जीटीए ५’ला कन्सोलवर ६० फ्रेम मिळाल्या त्या २०२२ मध्ये, यंत्रांची आणखी एक पिढी गेल्यावर.

पीसीवाल्यांची चिंता वेगळ्या जातीची. कन्सोलचे हार्डवेअर ठरलेले असल्याने पृष्ठभागांचा रंग आणि चकाकी ठरवणारे शेडर नावाचे छोटे प्रोग्राम आधीच तयार करून देता येतात. पीसीवर ग्राफिक्स कार्ड शेकडो प्रकारची, त्यामुळे ते खेळाडूच्या यंत्रावर तयार होतात आणि हे काम ऐन खेळात झाले तर चित्र क्षणभर गोठते. २०२२च्या ‘एल्डन रिंग’ची पीसी आवृत्ती सुरुवातीला अशाच अडखळण्याने गाजली. ‘जीटीए ५’ पीसीवर यायला १९ महिने लागले, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला साधारण एक वर्ष. १९ नोव्हेंबरच्या घोषणेत पीसीचे नाव नाही.