साल्हेरला मान मिळाला, हातगडाचे काय?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांवर शिक्कामोर्तब झाले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतील जिंजी. भारताच्या खात्यावरील हे ४४वे वारसास्थळ. बारांपैकी साल्हेर नाशिक जिल्ह्यातला, बागलाणातला. जिल्ह्यात फटाके वाजले, भाषणे झाली, आणि ते योग्यच होते. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कळवणच्या पलीकडे, सुरगाणा तालुक्यात हातगड उभा आहे. त्याचे नाव त्या दिवशी कोणी घेतले नाही.

यादी कशी वाढत गेली ते पाहिले की हा प्रश्न नीट कळतो. १९८३ मध्ये भारताची पहिली चार स्थळे नोंदली गेली: अजिंठा, वेरूळ, आग्ऱ्याचा किल्ला आणि ताजमहाल. चारांतली दोन महाराष्ट्राची. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले. अशा कामापुढे कोणाचे काय चालणार! १९८६ मध्ये जुन्या गोव्याची चर्चे आली, १९८७ मध्ये घारापुरी. तोवर महाराष्ट्रात तरी वारसा म्हणजे देव, राजा किंवा संत यांचे स्मारक असाच हिशेब होता. २००४ मध्ये मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यादीत शिरले आणि हिशेब बदलला. स्टीव्हन्सने आराखडा केलेल्या या स्थानकात आजही लोकल सुटतात, गर्दी धक्के खाते. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या एका अंगाच्या गॉथिक इमारती आणि दुसऱ्या अंगाची आर्ट डेको घरे एकत्र नोंदली गेली. त्या घरांत माणसे राहतात, गॅलरीत कपडे वाळत घालतात.

२०२५ ची नोंद याच्याही पुढची आहे. इथे मान एका वास्तूला नाही, तर संरक्षणाच्या एका सबंध रचनेला मिळाला. गिरिदुर्ग, वनदुर्ग, जलदुर्ग मिळून एक जाळे होते आणि सह्याद्रीचा कडा हीच त्याची पहिली तटबंदी होती. या बारांपैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत आणि चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. साल्हेर या चारांतला.

साल्हेरची निवड वादातीत आहे. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. शिखरांत त्याच्या वर फक्त कळसूबाई. वर परशुरामाचे मंदिर आहे, शेजारी सालोटा. फेब्रुवारी १६७२ मध्ये याच गडाच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांच्या फौजेला उघड्या मैदानात हरवले. गनिमी काव्याने लढणारे मराठे समोरासमोरच्या लढाईतही जिंकू शकतात, हे दिल्लीला त्या दिवशी कळले. सूर्याजी काकडे तिथेच पडले.

पण साल्हेर एकटा कधीच नव्हता. सुरतेचा माल बागलाणातून दख्खनमध्ये उतरायचा आणि त्या वाटा हाती ठेवण्यासाठी इथे गडांची रांग उभी राहिली. बागलाणचे बागूल राजे मुल्हेरवरून राज्य करत. त्यांच्या घराण्यावर रुद्रकवीने १५९६ मध्ये संस्कृत महाकाव्य लिहिले. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज याच मुलखातून परतले आणि वणी-दिंडोरीला मोगलांशी त्यांची गाठ पडली.

सातमाळेची रांग पश्चिमेकडे जिथे सुरू होते, तिथे हातगड आहे. पुढे अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंडा, रवळ्या-जवळ्या, धोडप अशी ओळ थेट चांदवडपर्यंत जाते. नाशिकहून गुजरातमधल्या सापुताऱ्याला जाणारा रस्ता हातगडाच्या पायथ्यावरूनच जातो. वर चढताना कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. दरवाजाजवळ खडकातच कोरलेला मारुती आहे. माथ्यावर पाण्याची टाकी आहेत. हातगडाच्या शिलालेखावर शके १४६९, प्लवंग संवत्सर, म्हणजे इ.स. १५४७ ची नोंद आहे: बागूलवंशीय दुर्गभैरवसेनाने निजामशहाकडून हा दुर्ग घेतला. शिवकाळाच्या आधीच्या शंभर वर्षांची साक्ष देणारा असा दगड कितीशा गडांवर सापडतो? १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडला आणि पाठोपाठ हातगडही इंग्रजांच्या हाती गेला.

सुरगाण्याचा सगळाच वारसा दगडात नाही, आणि खरी अडचण तिथे आहे. पावसाच्या या मुलखात कोकणा, वारली, महादेव कोळी यांची घरे सागाच्या मेढी, कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर कौले अशी बांधली गेली. कूड कुजतो, मग तो बदलतात. लेप दरवर्षी नव्याने चढतो. अशा घराला शंभर वर्षांचे म्हणायचे की गेल्या वर्षीचे? जपानमध्ये इसे येथील देऊळ दर वीस वर्षांनी नव्या लाकडात उभारले जाते. १९९४ मध्ये नारा शहरात जमलेल्या तज्ज्ञांनी मान्य केले की वारशाचा अस्सलपणा सगळीकडे एकाच मापाने मोजता येत नाही. साहित्य बदलले तरी बांधण्याची रीत आणि त्यामागची श्रद्धा टिकली, तर वारसाही टिकतो.

वाघदेव हे त्याचे जवळचे उदाहरण. गावाच्या शिवेवर लाकडाची किंवा दगडाची पाटी उभी असते. तिच्यावर वर चंद्र-सूर्य, खाली वाघ, कुठे नाग, कुठे मोर, सगळ्यावर शेंदूर. बाकी महाराष्ट्र आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस करतो, तेव्हा इथे वाघबारस असते. गुराखी पोरे घरोघर फिरून धान्य गोळा करतात, शिवेवर शिजवतात, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात आणि गुरे राखण्याचे साकडे घालतात. जुनी पाटी झिजली की नवी कोरली जाते. ही कलाकुसर आता कोरू शकणारे हात कमी होत चालले आहेत. सिमेंटचा चौथरा आणि टाइल्स आल्या की पाटी कोपऱ्यात जाते.

वारशाच्या गप्पा मारताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. २०२२ च्या अखेरीस याच तालुक्यातील सीमेवरच्या काही गावांनी रस्ते, पाणी, दवाखाना मिळत नसेल तर आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या, अशी मागणी केली होती. एवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यात उन्हाळ्यात बायांना हंडे घेऊन पायपीट करावी लागते. माणसे पोटासाठी द्राक्षबागांकडे स्थलांतर करत राहिली, तर गड राखणार कोण आणि वाघदेव कोरणार कोण? पर्यटकांची वर्दळ सापुताऱ्यात थांबते आणि तिचा पैसाही तिथेच थांबतो. हातगडाच्या गावातल्या पोरांना वाटाड्या म्हणून शिकवले आणि न्याहारी-निवाऱ्याची सोय गावातच झाली, तर तो थोडा इकडेही वळेल.

त्यासाठी पॅरिसच्या मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामसभांनी आपल्या शिवेवरच्या वाघदेवांची छायाचित्रांसह नोंद करावी. शाळांनी ती मुलांकडून करून घ्यावी. पुरातत्त्व खात्याने शिलालेखाचे वाचन मराठीत लिहून गडावर लावावे. आणि या दिवाळीच्या सुटीत सापुताऱ्याला निघालेल्या वाचकांनो, हातगडाच्या पायथ्याशी गाडी थांबवा, गावातलाच माणूस सोबत घेऊन वर जा. टाक्यात बाटल्या टाकू नका, कातळावर नावे कोरू नका.