पंचनाम्यात आपली वस्ती कुठे? आपत्तीच्या काळातील लोकशाही समजून घेताना

वसमत तालुक्याला दोन संकटे चांगलीच ओळखीची आहेत. पहिले जमिनीखालचे. पांगरा शिंदे परिसरात अनेक वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. 2024 मध्ये 21 मार्च आणि 10 जुलै या दोन्ही दिवशी सकाळी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांना 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. दुसरे संकट पाण्याचे. जुलै 2022 मध्ये आसना नदीचे पाणी कुरुंदा गावात घुसले.

अशा वेळी अधिकारी येतात, आदेश निघतात, पंचनामे होतात. पण आदेश काढण्याचा अधिकार कोणाचा, पंचनाम्यात कोणाचे घर येते आणि कोणाचे सुटते, हे आपल्या कार्यकर्त्यांना संकटाआधी माहीत असले पाहिजे. पूर ओसरल्यावर कायदा शोधत बसलो, तर तोपर्यंत यादी वर गेलेली असते.

कायद्याची उतरंड

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने मराठवाडा हादरला. पुढे 2001 चा गुजरातचा भूकंप आणि 2004 ची त्सुनामी झाली. त्यानंतर संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 केला. त्यानुसार देशाच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी असतात. आपत्तीत रस्ता बंद करणे, वाहने व इमारती ताब्यात घेणे, लोकांना हलवणे, असे मोठे अधिकार जिल्हा पातळीवर येतात. आदेश मोडला तर शिक्षेचीही तरतूद आहे. पैशाचा मार्ग वेगळा आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के असतो. नुकसान मोजण्याचे काम मात्र तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक गावात येऊन करतात.

संकटात निर्णय एका हाती एकवटणे काही प्रमाणात अटळ आहे. आपले संविधान काळ व परिस्थितीनुसार संघराज्यात्मकही राहू शकते आणि एककेंद्रीही होऊ शकते, हे बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत सांगितले होते. पण त्या अधिकारांना कुंपण हवे. ते नसले की काय होते, हे देशाने 25 जून 1975 ते 21 मार्च 1977 या आणीबाणीत पाहिले. म्हणूनच 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम 20 आणि 21 चे हक्क स्थगित करता येणार नाहीत, असे ठरवले.

रिकामी खुर्ची

2005 च्या कायद्यातही असे एक कुंपण आहे. कलम 25 नुसार जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकाऱ्यांसोबत जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. म्हणजे आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याच्या शेजारी लोकांनी निवडलेला माणूस बसावा, ही कायद्याची अपेक्षा आहे.

पण निवडणूकच झाली नाही तर? संविधानाच्या कलम 243ई आणि 243यू नुसार पंचायत व नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. किशनसिंग तोमर खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन ठामपणे अधोरेखित केले. नैसर्गिक आपत्तीसारखे खरेखुरे अपवादात्मक कारण असेल तरच सूट, असा त्याचा आशय.

कोविडमध्ये 2020 साली मुदत संपलेल्या हजारो ग्रामपंचायतींवर प्रशासक बसले, पण 15 जानेवारी 2021 रोजी त्यांचे मतदान झाले. तो विलंब समजण्यासारखा होता. मार्च 2022 पासून मात्र राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांकडे गेल्या आणि त्यामागे ना पूर होता ना भूकंप. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. या मधल्या काळात पाऊस थांबला नव्हता, जमीनही हादरायची थांबली नव्हती. सहअध्यक्षाची खुर्ची तेवढी रिकामी होती.

कलम 61 पाठ करा

आपल्यासाठी या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचे कलम 61 आहे. आपद्ग्रस्तांना मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलित कुटुंबांना मदत छावण्यांत दूर ठेवल्याच्या नोंदी झाल्या आहेत. त्या पाहिल्या की या कलमाची गरज कळते.

आज भेदभाव बहुधा उघड बोलून होत नाही. तो निकषांतून होतो. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये आहेत, झोपडीला 8 हजार. त्यातही घर अधिकृत असल्याचा दाखला लागतो. मग गायरानावर दोन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाचे काय? पीक नुकसानीची मदत सातबाऱ्यावर मिळते, मजुराचा बुडालेला रोज त्या तक्त्यात येत नाही. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह कशासाठी केला, याचे उत्तर आजच्या पंचनाम्यातही सापडते. जमिनीचा कागद नसलेला माणूस संकटात दुसऱ्यांदा भूमिहीन होतो.

संकटातून हक्कही मिळतो

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो मजूर खडी फोडायला आणि रस्त्याच्या कामांवर गेले. काम व मजुरीसाठी मोर्चे निघाले. त्या रेट्यातून 1977 चा रोजगार हमी कायदा आला आणि मागेल त्याला काम हा हक्क झाला. देशाने 2005 मध्ये तोच धागा पकडला. सरकारची तात्पुरती मदत कायमच्या हक्कात बदलली, कारण लोक मदत घेऊन गप्प बसले नाहीत.

आपण काय करायचे

पावसाळ्याआधी जिल्ह्याचा आपत्ती आराखडा माहितीच्या अधिकारात मागा. कलम 31 नुसार तो करणे आणि दरवर्षी त्याचा आढावा घेणे बंधनकारक आहे. निवाऱ्याच्या जागा कोणत्या आणि आपली वस्ती पूररेषेत दाखवली आहे का, हे तपासा. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्यांत गायरानावरील व नदीकाठच्या घरांची यादी ठरावाने नोंदवून घ्या. प्रत्येक घराचे फोटो आणि मालमत्ता कराच्या पावत्या जपून ठेवा.

पंचनाम्याच्या वेळी वस्तीतील दोन तरुण सोबत फिरले पाहिजेत. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची मागणी करा, सुटलेल्या नावांसाठी तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. त्या अर्जात कलम 61 चा उल्लेख करा. माहितीचे उत्तर एरवी 30 दिवसांत मिळायला हवे, पण जीविताचा प्रश्न असेल तर 48 तासांत. आणि या कायद्याखालील निर्णयांवर खालची न्यायालये दाद देऊ शकत नसली, तरी कलम 71 ने उच्च न्यायालयाचे दार उघडे ठेवले आहे.

भगवान बुद्धांनी वज्जींच्या बळाचे कारण सांगताना सैन्य मोजले नाही. ते वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने काम करतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. भिक्खू संघात ठराव, गणपूर्ती आणि मतदानाचे नियम होते, याची आठवण बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेला करून दिली. वसमतच्या बुद्ध विहारात पुढची बैठक ठरेल, तेव्हा विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा : आपल्या वस्तीतील घरांची यादी.