नीट बस, हात पुढे कर, ताटात टाकू नको

नोव्हेंबर 1615. बुऱ्हाणपुरात शिस्तीचा एक तास भरला होता आणि विद्यार्थी होता चांगला तिशी ओलांडलेला: इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो. शहाजादा परवेझच्या दरबारात शिरताना एका अंमलदाराने बजावलं, टोपी काढा, डोकं जमिनीला टेकवा. रो म्हणाला, जमणार नाही. पुढे जाऊन त्याने पायऱ्या चढायची परवानगी मागितली. नाही. मग बसायला खुर्ची मागितली. इथे कुणीच बसत नाही, असं उत्तर आलं. पण खास मेहेरबानी म्हणून छताच्या चांदीने मढवलेल्या खांबाला टेकायची मुभा मिळाली. आपल्याकडे पोरगं भिंतीला टेकलं की ‘सरळ उभा राहा’ म्हणून ओरडा बसतो. मोगल दरबारात टेकणं हा मान होता! पुढची भेट खासगीत व्हायची होती, पण रोनेच नजर केलेल्या बाटल्यांनी घात केला. शहाजादे तर्र झाले आणि भेट राहून गेली.

त्याच गावात आज शाळकरी पोर एका दिवसात तीन-चार प्रकारच्या पंगतींचे नियम पाहू शकतं. दर्गाह-ए-हकीमीमुळे दाऊदी बोहरा समाजाचे लोक जगभरातून इथे येतात. त्यांच्याकडे एका मोठ्या थाळाभोवती सात-आठ माणसं बसतात, लहान मुलंही त्यातच. डोकं झाकलेलं, हात धुतलेले, सुरुवातीला चिमूटभर मीठ आणि शेवटालाही मीठ. गोड आधी वाढलं जातं, तिखट नंतर. (कुठल्याही मुलाला विचारा, हा क्रम बिनविरोध मंजूर होईल.) वाढलेला थाळ एकटा सोडायचा नाही आणि एक दाणाही टाकायचा नाही.

आता मराठी ब्राह्मणी घरातली मुंज आठवा. त्या दिवशी मातृभोजन असतं: बटू आईच्या ताटात शेवटचं जेवतो आणि मग त्याचं पान कायमचं वेगळं होतं. उष्टं नको, पानाभोवती पाणी फिरव, चित्राहुती घाल. म्हणजे एका मुलाला मोठं करताना ताट वेगळं करायचं, आणि दोन गल्ल्या पलीकडच्या मुलाला म्हातारपणापर्यंत एकाच थाळात बसवायचं. दोन्हीकडच्या आज्या आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर.

तिसरी पंगत बडी संगत गुरुद्वाऱ्यातली. 1708 साली नांदेडच्या वाटेवर गुरु गोविंदसिंग बुऱ्हाणपुरात थांबले होते. लंगरमध्ये सगळे एका रांगेत जमिनीवर बसतात आणि पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते, एका हाताने ओढून नाही. मराठी घरात प्रसादासाठी उजव्या तळव्याखाली डावा हात धरतात. कोरियातही मोठ्यांकडून काही घेताना दोन हात लागतात आणि जेवणात वडीलधाऱ्यांनी चमचा उचलेपर्यंत धाकट्यांनी थांबायचं असतं. जपानमध्ये शेवयांचा फुर्र आवाज चालतो, पण भातात काड्या उभ्या खोचल्या तर घरातली मोठी माणसं दचकतात, कारण तसा भात मृतापुढे ठेवतात. युरोपात इरॅस्मसने 1530 मध्ये मुलांच्या शिष्टाचारावर अख्खं पुस्तक लिहिलं. नाक बाहीला पुसू नये, हेही त्यात आलं आहे. पाचशे वर्षं होत आली, बाह्या अजून सुटलेल्या नाहीत.

खोड्या कुणाच्या आणि शिक्षा कुणाला, याचा नमुनाही याच गावाशी जोडलेला आहे. शहाजहानने बापाविरुद्ध बंड केलं, बुऱ्हाणपूरला वेढा घातला आणि तो फसला. 1626 मध्ये शरणागती पत्करताना त्याने असीरगड तर सोडलाच, शिवाय अकरा वर्षांचा दारा आणि सात वर्षांचा औरंगजेब आजोबा जहांगीरकडे ओलीस पाठवावे लागले. बापाने खिडकी फोडावी आणि पोरांना वर्गाबाहेर उभं करावं, तसा हा न्याय. पुढे 1658 मध्ये औरंगजेब बुऱ्हाणपुरातूनच तख्ताच्या लढाईला निघाला. तो बादशाह झाल्यावर जुने गुरुजी बक्षिसाच्या आशेने दरबारात आले, तेव्हा त्यानेच त्यांची शाळा घेतली. फ्रेंच प्रवासी बर्निएने ही हकीकत लिहिली आहे: अरबी व्याकरणात माझी वर्षं घालवलीत आणि फिरंग्यांचा सगळा मुलूख म्हणजे एक लहानसं बेट, असं मला शिकवलंत! किस्सा बर्निएने रंगवला असेलही, पण असा हिशेब मागायची इच्छा कुठल्या विद्यार्थ्याला होत नाही?

छडीचा इतिहास तसा थोडक्यात उरकतो. पोलंडने 1783 मध्येच शाळेतून मार हद्दपार केला. स्वीडनने 1979 मध्ये आईबापांच्या हातालाही कायद्याने आवर घातला; असं करणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही रोखतं. अमेरिकेत मात्र 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेतला मार घटनाबाह्य नाही असं ठरवलं आणि काही राज्यांत तो अजून चालतो.

सगळ्यात गंमत कॅनडाच्या उत्तरेकडची. मानववंशशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज 1963 पासून दोनेक वर्षं तिथल्या इन्युइट कुटुंबात राहिल्या. तिथे मुलांवर कुणी आवाज चढवत नसे. चिडणं हेच पोरकटपणाचं लक्षण. बाई मात्र एकदा बाहेरून आलेल्या गोऱ्या पाहुण्यांवर भडकल्या आणि पुढे काही महिने घरच्यांनी त्यांच्याशी हसतमुखाने अंतर राखलं. ना छडी, ना ओरडा.

आणि आपल्या उठाबशा? त्यांनी परदेशवारी केली. तमिळ मुलुखात गणपतीपुढे कान धरून उठाबशा काढायची जुनी रीत आहे. फिलिपिन्सचे चोआ कोक सुई यांनी तिला ‘सुपरब्रेन योगा’ असं नाव देऊन 2005 मध्ये पुस्तक काढलं. डाव्या हाताने उजवा कान, उजव्या हाताने डावा, खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. बुद्धी तल्लख होते म्हणे. आमच्या मास्तरांनी श्वासाचं तेवढं सांगितलं नव्हतं. बाकी सगळा कोर्स फुकट होता.