पडत्या काळातील पत

(नभोवाणीवरील भाषण)



प्रत्येक दुकानात दोन हिशेब चालू असतात. एक वहीत लिहिलेला असतो. रोजमेळ, खतावणी, येणे आणि देणे असा त्याचा सारा पसारा. दुसरा हिशेब कोठेच लिहिलेला नसतो. ज्या वाण्याने आपण धाडलेल्या लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकेच चोख माप दिले, ज्याने ‘हे तांदूळ आज नेऊ नका, परवा नवा माल येतो आहे’ असे सांगून स्वतःची विक्री स्वतःच्या तोंडाने मोडली, त्याचे आपण काय देणे लागतो, हे कोणत्या खतावणीत सापडणार? दुकानावर वाईट दिवस आले म्हणजे मात्र या दुसऱ्या हिशेबाची आठवण होते. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे. सचोटीचा छोटा व्यापारी अडचणीत कसा येतो, जुन्या गिऱ्हाइकांनी मनावर घेतले तर त्याला कसे सावरता येते, आणि अशा साहाय्याला मर्यादा कोणती, एवढेच तीन मुद्दे.

आपले इंदूर हे बाजाराच्या भरवशावर वाढलेले शहर आहे. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात एक हकीकत नमूद केली आहे. तुकोजी होळकरांचा तळ इंदुरानजीक पडला होता. शहरातील एक धनवान सावकार निपुत्रिक वारला होता, आणि काही स्वार्थी मंडळींच्या सांगण्यावरून त्याच्या संपत्तीत वाटा घ्यावा, असे तुकोजींच्या मनात आले. सावकाराची विधवा तातडीने महेश्वरी गेली. अहिल्याबाईंनी तिचे म्हणणे ऐकले, वस्त्रे देऊन तिला पतीच्या घरादाराची मालकीण म्हणून मान्य केले, आणि तुकोजींना तळ हलविण्याचा व शहराला अन्यायाचा उपद्रव न देण्याचा हुकूम पाठविला. त्या हुकमाने एका विधवेला न्याय मिळाला, हे तर खरेच. पण त्याबरोबर ‘येथे कष्टाने मिळविलेले धन सुरक्षित आहे’ असा विश्वास साऱ्या पेठेला मिळाला.

ते राज्य गेले. आज गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला महेश्वरी धाव घेता येत नाही. कायदा आहे, बँका आहेत, सरकारी योजना आहेत. त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याचा रोजचा आश्रयदाता आता एकच उरला आहे, आणि तो म्हणजे त्याच्या उंबऱ्यावर येणारे गिऱ्हाईक.

आता प्रथम तो अडचणीत येतो कसा, ते पाहू. नफा होत नाही म्हणून दुकान बुडते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती पुरती खरी नाही. समजा, एका किराणा दुकानदाराचे स्वतःचे १ लाख रुपये दुकानात गुंतले आहेत. त्यांपैकी ६० हजारांचा माल फळ्यांवर आहे, ३५ हजार रुपये गिऱ्हाइकांकडे उधारीत अडकले आहेत आणि ५ हजार गल्ल्यात आहेत. याशिवाय सियागंजातील घाऊक व्यापाऱ्याकडून त्याने ४० हजारांचा माल १५ दिवसांच्या वायद्याने उचलला आहे. हे दुकान मुळीच दिवाळखोर नव्हे. सारे देणे फेडले तरी मालकाचे १ लाख शाबूत राहतात. पण काही कारणाने वस्तीतील लोकांचे पगार थकले, विक्री मंदावली आणि उधारी परत येईनाशी झाली, तर पंधराव्या दिवशी त्याने ४० हजार कोठून द्यावेत? वायदा चुकला की घाऊक व्यापारी पुढचा माल रोखतो. माल नाही म्हणून फळ्या रिकाम्या दिसतात. रिकाम्या फळ्या पाहून गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. अशा रीतीने कागदावर धडधाकट असलेले दुकान केवळ हाती रोकड नाही म्हणून महिना-दीड महिन्यात मोडते. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ अशी म्हण आपल्या पूर्वजांनी केली, ती अनुभवातूनच.

याच उदाहरणात दुसरी बाजूही दिसते. ती ३५ हजारांची उधारी ३५ घरांत वाटली गेली असेल, तर प्रत्येक घराकडे सरासरी १ हजार रुपये निघतात. ही ३५ घरे एकाच आठवड्यात आपापले खाते चुकते करतील, तर गल्ल्यातले ५ हजार मिळवून वायदा बरोबर पुरा होतो, आणि दुकान जगते. यात कोणी कोणावर उपकार केला नाही, कोणी देणगी दिली नाही. जे द्यावयाचेच होते ते वेळेवर दिले, इतकेच. मोठ्या संकटावरचा उपाय पुष्कळदा इतका लहान असतो. मात्र तो पस्तीस ठिकाणी विखुरलेला असल्यामुळे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

सचोटीच्या दुकानदाराला ही तंगी इतरांहून अधिक जाचते, याचेही कारण आहे. अप्रामाणिक दुकानदाराला पडत्या काळात तीन चोरवाटा मोकळ्या असतात: मापात मारणे, मालात भेसळ करणे आणि टंचाई आली की भाव चढविणे. सचोटीच्या माणसाने या तिन्ही वाटा स्वतःच बंद करून घेतलेल्या असतात. तोट्याचा भार तो गिऱ्हाइकाच्या माथी मारीत नाही. म्हणून तो सारा त्याच्याच माथी बसतो. आपण ज्या गुणासाठी त्याच्याकडे जातो, तोच गुण संकटात त्याला महाग पडतो. अशा वेळी त्याला एकटे सोडले, तर सचोटी ही परवडणारी वस्तू नव्हे, असा धडा शेजारचे चार दुकानदार घेतात. हे नुकसान एका दुकानापुरते राहत नाही.

इंदुरातील जुन्या मिलवस्त्यांना या देण्याघेण्याचे मर्म निराळे सांगावयास नको. मिलचा पगार महिन्याचा, आणि चूल रोजची. मधले दिवस किराणा दुकानातील खात्यावर निघत. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, आणि तेथील कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये देण्याची वेळ डिसेंबर २०२३ मध्ये आली. हक्काचे पैसे हाती येण्यास ३२ वर्षे लागली! मोठ्या संस्थांचे हिशेब असे रेंगाळतात. कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारी मात्र त्याच संध्याकाळी पीठमीठ देते. ज्याने आपल्या अडचणीच्या दिवसांत वही बंद केली नाही, त्याच्या अडचणीच्या दिवसांत आपण दार बंद करू नये, हा साधा व्यवहार आहे.

२०२० सालाने या व्यवहाराची परीक्षा घेतली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे संचारबंदी आली, आणि इंदूर हे देशातील अधिक पीडित शहरांपैकी एक ठरले. पहाटेच्या पोहे-जिलेबीपासून सराफ्यातील रात्रीच्या खाद्यपेठेपर्यंत हातावर पोट असणाऱ्यांचे व्यवसाय कित्येक महिने थंडावले. केंद्र सरकारने १ जून २०२० रोजी फेरीवाल्यांसाठी योजना जाहीर करून खेळत्या भांडवलाकरिता १० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची सोय केली. ही मदत मोलाची होती. परंतु कर्जाने भांडवल मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. आणि गिऱ्हाईक नसेल तर मिळालेले भांडवलच ओझे होऊन बसते.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात इंदुरात अंडी विकणाऱ्या एका अल्पवयीन मुलाची हातगाडी उलटून पडलेली दाखविणारी चित्रफीत देशभर पसरली. लोकांचे मन हेलावले, आणि मुलाच्या शिक्षणापासून घरापर्यंत साहाय्याची आश्वासने आली. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या मालवीयनगरातील ‘बाबा का ढाबा’ या लहानशा खानावळीची कहाणी सर्वांनी ऐकली. वृद्ध दांपत्याचे अश्रू चित्रफितीत दिसले, आणि दुसऱ्याच दिवशी तेथे रीघ लागली. पैसा आला, त्या पैशावरून वादही निर्माण झाला. डिसेंबरात मोठे उपाहारगृह उघडले आणि ते फेब्रुवारी २०२१ मध्ये बंद होऊन दांपत्य पुन्हा जुन्या टपरीवर आले.

या उदाहरणांत अनोळखी माणसांनी दाखविलेली कणव खोटी नव्हती. पण कणव ही पावसाच्या सरीसारखी असते. एकदम कोसळते आणि निघून जाते. दुकानाला विहिरीच्या झऱ्यासारखे, थोडे परंतु नित्य येणारे पाणी लागते. गर्दी त्या दिवसाचा माल संपवून जाते. जुने गिऱ्हाईक पुढच्या महिन्याचा भरवसा देते. म्हणून जुन्या गिऱ्हाइकांचा आधार संख्येने लहान असला, तरी परिणामाने मोठा असतो.

याचे एक बोलके उदाहरण परदेशातील आहे. पॅरिस शहरात सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंनी १९१९ साली ‘शेक्सपियर अँड कंपनी’ नावाचे पुस्तकांचे दुकान व वाचनालय काढले. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी छापावयास कोणी धजत नव्हते, ती १९२२ साली या छोट्या दुकानाने प्रसिद्ध केली. पुढे जागतिक मंदी आली आणि दुकान बंद करण्याची वेळ आली. तेव्हा आंद्रे जीद प्रभृती लेखकांनी, म्हणजे दुकानाच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनीच, मित्रमंडळ स्थापन केले. सभासदाने वर्षाला २०० फ्रँक अशी २ वर्षे वर्गणी द्यावयाची, आणि त्याच्या मोबदल्यात दुकानात नामवंत लेखकांची वाचने ऐकावयाची, अशी योजना ठरली. स्वतः जीद, पॉल व्हालेरी आणि १९३६ साली टी. एस. एलियट यांनी तेथे वाचन केले. या आधारावर ते दुकान जर्मन अंमलात १९४१ साली बंद होईपर्यंत तगले. देणारे मोठे लोक होते, ही गोष्ट येथे गौण आहे. मुदत, रक्कम आणि मोबदला हे तिन्ही आधी ठरलेले होते, त्यामुळे घेणाऱ्या बाईंची मान खाली झाली नाही, हे मुख्य.

आपल्याकडेही असे घडले आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत कोकणात हापूस तयार झाला, आणि वाशीच्या घाऊक बाजाराचे व्यवहार विस्कळीत झालेले. तेव्हा अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांतील रहिवाशांची मागणी आधी नोंदवून घेतली आणि पेट्या थेट त्यांच्या दारी पोहोचविल्या. विखुरलेली गिऱ्हाइके एकत्र आली म्हणून गाडीभाडे परवडले आणि फळ वाया गेले नाही. संघटित गिऱ्हाइकाची शक्ती महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि पाठोपाठ १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. भेसळ आणि नफेखोरी करणाऱ्याला धाक बसावा म्हणून ग्राहक एकत्र आले. ज्या एकजुटीने खोट्याला धाक बसतो, तिनेच खऱ्याला आधारही देता येतो.

मग प्रत्यक्षात करावे काय? पहिली गोष्ट, आपले खाते चुकते करावे. आणि ते दुकानदाराने मागण्यापूर्वी करावे, कारण सज्जन माणसाला स्वतःचे पैसे मागण्याचीही भीड पडते. दुसरी, शक्य असेल तर पुढच्या महिन्याच्या सामानाचे पैसे आगाऊ द्यावेत आणि ते वहीत रीतसर जमा करून घ्यावेत. तिसरी, निदान काही काळ घासाघीस टाळावी, आणि चार पैशांच्या सवलतीसाठी दूरच्या बाजाराची वाट धरू नये. चौथी, त्या दुकानाविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी चांगला शब्द बोलावा. मात्र त्याच्या अडचणीचा डांगोरा पिटू नये. ‘अमुक बुडाला’ अशी कुजबुज घाऊक व्यापाऱ्याच्या कानी गेली, की न बुडणाराही बुडतो.

मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रत्येक बंद पडणारे दुकान वाचविता येत नाही, आणि वाचवावेच असेही नाही. ज्या मालाची गरजच लोकांना उरली नाही, त्याचा व्यापार वर्गणीने चालत नाही. तेथे त्या माणसाला नवा धंदा शोधण्यास हात देणे हेच खरे साहाय्य. सचोटीच्या नावाखाली फसविणारेही असतात. त्यांची पारख अवघड नाही. जो आपली अडचण किती आणि कशाने आली हे वही उघडून सांगतो, घेतलेल्या पैशाची पावती देतो आणि फेडीची मुदत स्वतःहून ठरवितो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. जो मोठ्या व्याजाचे आमिष दाखवितो, त्याच्यापासून दूर राहावे. आणि परत न आल्यास आपला संसार अडेल, एवढी रक्कम कोणालाही देऊ नये. भावनेच्या भरात दिलेले हजार रुपये पुढे कडूपणा आणतात. विचाराने दिलेले शंभर रुपये नाते टिकवितात.

‘असतील शिते तर जमतील भुते’ हा जगाचा रिवाज आहे. चांगल्या दिवसांत दुकानापुढे गर्दी कोणीही करील. परंतु पेठेतील सचोटी टिकते ती शिते संपल्यावरही येणाऱ्यांच्या बळावर. कायदा खोट्या मापाला शिक्षा करू शकतो. खरे माप धरणाऱ्या हाताला बळ देणे हे कायद्याचे काम नव्हे, ते आपले आहे. आपल्या गल्लीतील असे एखादे दुकान डोळ्यांपुढे आणा आणि तेथले आपले खाते किती थकले आहे, ते आजच पाहून ठेवा.